लहान जातीच्या पिल्लाचें पोट

शाळांच्या परीक्षा आटोपून सुटी लागली, म्हणजे शहरांतील पुष्कळ घरांत एकच मागणी सुरू होते. मुलांना कुत्र्याचें पिल्लूं हवें असतें. दोन-तीन खोल्यांचें बिऱ्हाड, वरचा मजला, शेजार दाट; तेव्हां मोठा कुत्रा पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. अखेर वाद मिटतो तो पांढऱ्या, केसाळ, पॉमेरेनियन नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लहान जातीवर. टोपलींत जुन्या लुगड्याची घडी घालून पिल्लूं घरीं येतें, सगळें बिऱ्हाड त्याच्याभोंवतीं गोळा होतें, आणि जो तो आपापल्या परीनें त्याचें आतिथ्य करूं लागतो. आजी वाटीभर दूध पुढें ठेवते, धाकटा मुलगा आपल्या बशींतलें बिस्किट मोडून देतो, थोरला भाऊ बाजारांतून तयार खाद्याची पिशवी घेऊन येतो. पिल्लूं सर्व कांहीं आनंदानें खातें. दुसऱ्या अथवा तिसऱ्या दिवशीं त्याला पातळ शौचास होऊं लागतें.

येथवरची हकीकत इतकी नित्याची आहे, कीं तींत भिण्यासारखें कांहीं नाहीं असें कोणासहि वाटेल. आणि बहुतेक वेळां तें खरेंहि ठरतें. पण पुढें घरांतील वडील मंडळी जो उपाय सांगतात, त्यांत खरा धोका असतो. “पोट बिघडलंय ना त्याचं? मग आज दिवसभर कांहीं घालूं नका. उपाशी राहिलं म्हणजे आपोआप ठीक होईल.” मनुष्याच्या बाबतींत लंघनाचा हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा आहे, आणि पूर्ण वाढीच्या मोठ्या कुत्र्यालाहि तो बहुधा मानवतो. किलोभर वजनाच्या पिल्लाच्या मात्र तो जिवावर बेततो. जें पिल्लूं हगवणीनें मेलें नसतें, तें उपासानें मरूं शकतें, आणि तेंहि एका दिवसाच्या आंत. असें कां व्हावें, हें नीट समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम ह्या जातीविषयीं थोडेंसें. पॉमेरेनियन हें नांव बाल्टिक समुद्राच्या कांठच्या पॉमेरेनिया ह्या प्रांतावरून पडलें; त्याचा कांहीं भाग आज जर्मनींत व बराचसा पोलंडांत मोडतो. मूळचे हे कुत्रे चांगले मोठे होते. व्हिक्टोरिया राणीनें १८८८ सालीं इटलींतून लहान चणीचा कुत्रा आणला, तेव्हांपासून इंग्लंडांत बुटक्या पॉमेरेनियनची आवड वाढली, आणि पैदास करणाऱ्यांनीं ही जात लहान लहान करीत नेली. आज अस्सल पॉमेरेनियनचें पूर्ण वाढीचें वजन दीड ते सवातीन किलोंच्या दरम्यान असतें. आपल्याकडे ह्या नांवानें विकलीं जाणारीं पुष्कळ पिल्लें वस्तुतः ‘इंडियन स्पिट्झ’ ह्या किंचित् मोठ्या जातीचीं असतात. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ ह्या बोलपटांतील टफी त्याच जातीचा. तें कांहींहि असो. अस्सल पॉमेरेनियनचें पिल्लूं दोन महिन्यांचें असतांना पुष्कळदां किलोभरहि भरत नाहीं, आणि सगळी अडचण ह्या वजनांतच आहे.

प्राणिमात्राच्या मेंदूला रक्तांतील साखर अखंड लागते. अन्न मिळालें नाहीं, तर यकृतांत सांठवलेल्या साखरेवर शरीर कांहीं काळ निभावून नेतें, आणि तो सांठा संपल्यावर स्नायु व चरबी ह्यांच्याकडे वळतें. लहान जातीच्या पिल्लाचें यकृत इवलेंसें व अपुऱ्या वाढीचें असतें. स्नायु थोडे, चरबी जवळजवळ नाहींच. उलट त्याचा मेंदू शरीराच्या मानानें मोठा असतो. त्यांत आणखी उष्णतेची भर पडते. वाटींतलें कढत पाणी हंड्यांतल्या पाण्याच्या कितीतरी आधीं निवतें, हें स्वयंपाकघरांत रोज दिसतें. त्याच न्यायानें लहान शरीर आपली ऊब झपाट्यानें गमावतें, आणि ती भरून काढण्यासाठीं पुन्हां साखरच जाळावी लागते. म्हणजे खर्च मोठा आणि शिल्लक नाहीं, असा हा संसार असतो. पांच-सहा तास पोटांत कांहीं गेलें नाहीं, कीं ह्या पिल्लाची साखर धोकादायक रीतीनें उतरूं शकते. पोट बिघडलेलें असल्यास त्याहूनहि लवकर.

साखर उतरल्याचीं चिन्हें ओळखूं येण्याजोगीं असतात. प्रथम पिल्लूं खेळावयाचें थांबतें व कोपरा धरतें. हांक मारली तरी मान वर करीत नाहीं. मग त्याचे पाय लटपटतात, अंग थरथरतें, हिरड्या फिक्या पडतात, कान व पंजे गार लागतात. अखेर झटके येतात. पुष्कळ घरांत ह्या पहिल्या अवस्थेला “दमून झोपलं आहे” असें म्हणतात. अशा वेळीं थोडा मध किंवा साखरेचा दाट पाक बोटावर घेऊन हिरड्यांना चोळावा. पिल्लूं शुद्धीवर नसेल, तर तोंडांत चमच्यानें कांहींहि ओतूं नये. तें श्वासनलिकेंत उतरून फुफ्फुसें बिघडतात. त्याला उबदार फडक्यांत गुंडाळून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. मध चोळल्यावर पिल्लूं डोळे उघडतें, आणि घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकून बसून राहतात. ही चूक फार वेळां होते. त्या मधाचा जोर थोडाच वेळ टिकतो.

साखरेप्रमाणेंच पाण्याचें. शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकें पाणी निघून गेलें, म्हणजे प्रकृति गंभीर झाली असें समजतात. आठशें ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या बाबतींत हा दहावा हिस्सा ऐशीं ग्रॅम होतो. हॉटेलांतल्या लहान कपांतल्या चहाहून तो फारसा अधिक नाहीं. चार-सहा पातळ शौच व दोन-तीन ओकाऱ्या एवढें पाणी सहज घेऊन जातात. तीस किलोंच्या शिकारी कुत्र्याला तेवढेंच पाणी गेल्याचा पत्ताहि लागणार नाहीं. परीक्षा सोपी आहे. निरोगी पिल्लाच्या हिरडीला बोट लावलें तर ती ओलसर व गुळगुळीत लागते. पाणी कमी झालें असेल तर चिकट लागते. हिरडी बोटानें दाबून सोडली असतां पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आंत पुन्हां गुलाबी झाली पाहिजे. पिल्लूं निरोगी असतांनाच घरांतील प्रत्येकानें हें एकदां करून पाहावें. नेहमींची हिरडी कशी दिसते हें ठाऊक असलें, तरच बिघडलेली ओळखतां येते.

आतां पोट बिघडण्याच्या कारणांकडे वळूं. सर्वांत सामान्य कारण म्हणजे आतिथ्य. पिल्लाच्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती असते, आणि ती ज्या अन्नावर वाढली त्या अन्नाला सरावलेली असते. एका दिवसांत दूध, बिस्किट, पोळी व नवें खाद्य असा मारा झाला, कीं ती घडी विस्कटते. त्यांतच आई व भावंडें सुटल्याचा धसका, नवें घर, नवे आवाज. म्हणून पिल्लूं आणतांना तें आजवर काय खात होतें, किती वेळां व किती, हें विकणाऱ्याकडून लिहून घ्यावें, आणि पहिले चार-पांच दिवस तेंच चालूं ठेवावें. पुढें खाद्य बदलावयाचें असेल तर आठवडाभरांत, रोज थोडें नवें वाढवीत व जुनें कमी करीत बदलावें.

दुधाविषयीं आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. पिल्लूं दुधावरच वाढलें, तेव्हां दूध त्याला बाधेल कसें, असें लोक विचारतात. पण कुत्रीच्या दुधांत स्निग्धांश व प्रथिनें पुष्कळ असून लॅक्टोज ही दुग्धशर्करा गाईच्या दुधाहून कमी असते. शिवाय पिल्लूं अंगावरून तुटूं लागलें, म्हणजे ती साखर पचविणारा पाचकरसहि त्याच्या आंतड्यांत कमी होत जातो. न पचलेली साखर आंतड्यांत पाणी ओढून घेते, तिच्यावर जंतु वाढून वायु धरतो, आणि पातळ शौचास होतें. आजीची वाटी प्रेमाची असली, तरी ती बंद केलेली बरी. येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ विक्रेते पिल्लें पांच-सहा आठवड्यांचीं असतांनाच विकतात, कारण तेवढीं लहान पिल्लें अधिक गोजिरवाणीं दिसतात. २०१७ सालच्या कुत्र्यांची पैदास व विक्री ह्यांविषयींच्या केंद्रीय नियमांप्रमाणें आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं विकतां येत नाहीं. नियम कागदावर आहे. घेणारानेंच तो पाळला तर कांहीं उपयोग.

दुसरें कारण जंताचें. येथें निसर्गाची योजना मोठी चमत्कारिक आहे. गोल जंतांच्या सूक्ष्म अळ्या कुत्रीच्या स्नायूंत निजल्यासारख्या पडून असतात. कुत्री गाभण राहिली कीं त्या जाग्या होतात आणि वारेंतून गर्भांतील पिल्लांच्या शरीरांत शिरतात. कांहीं दुधांतूनहि जातात. म्हणजे पिल्लूं जन्मतेंच तें जंत घेऊन. स्वच्छ घरांत जन्मलें, बाहेरची माती त्यानें पाहिली नाहीं, म्हणून त्याला जंत नसतील, हा तर्क टिकत नाहीं. अशा पिल्लाचें पोट जेवणानंतर घागरीसारखें फुगतें, केस निस्तेज होतात, शौच कधीं पातळ तर कधीं शेंबडासारखें होतें, आणि केव्हां केव्हां शेवयांसारखे पांढरे जंत पडतात अथवा ओकून येतात.

औषधाची एक मात्रा देऊन लोक निश्चिंत होतात. परंतु औषध मारतें तें आंतड्यांतल्या जंतांना. यकृतांतून व फुफ्फुसांतून हिंडणाऱ्या अळ्यांपर्यंत तें बहुधा पोंचत नाहीं. त्या अळ्या श्वासनलिकेंतून खोकल्याबरोबर घशांत येतात, गिळल्या जातात, व पुन्हां आंतड्यांत उतरून वाढतात. म्हणून जंताचें औषध पिल्लाच्या वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास, दोन महिन्यांपर्यंत, व पुढें सहा महिने पुरे होईपर्यंत महिन्यास एकदां देण्याची पद्धति आहे. मात्रा वजनावर ठरते, तेव्हां पिल्लूं तोलूनच द्यावी. स्वयंपाकघरांतला तराजू ह्या कामीं पुरेसा आहे. ह्या जंतांचीं अंडीं मुलांच्या पोटांत गेलीं तर मुलांनाहि विकार होतो, विशेषतः डोळ्यांना. सुदैवानें ताजीं अंडीं बाधत नाहींत. बाधक होण्यास त्यांना दोन आठवडे तरी लागतात. म्हणून पिल्लाची घाण रोजच्या रोज उचलणें व मुलांचे हात साबणानें धुवविणें, एवढ्यानें घर पुष्कळसें सुरक्षित राहतें.

जंतांहून सूक्ष्म असे जिआर्डिया व कॉक्सिडिया नांवाचे जीव आहेत. ते साध्या डोळ्यांना दिसत नाहींत आणि जंताच्या नेहमींच्या औषधानें जातातच असें नाहीं. त्यांच्यासाठीं शौचाचा ताजा नमुना स्वच्छ डबींत घालून पशुवैद्याकडे न्यावा लागतो.

तिसरें कारण पार्व्हो ह्या विषाणूचें, आणि तें सर्वांत भयंकर. १९७८ सालापूर्वीं हा रोग कोणास ठाऊक नव्हता. त्या सालीं तो ओळखला गेला आणि दोन वर्षांत जगभर पसरला. हा विषाणु आंतड्याच्या अस्तरांतील ज्या पेशींपासून नवें अस्तर तयार होतें त्यांनाच मारतो, आणि हाडांतल्या मगजावर घाला घालून रोगाशीं झुंजणारे रक्तांतील पांढरे कणहि कमी करतो. अस्तर गळून पडतें. रक्तमिश्रित, विलक्षण दुर्गंधीचें शौच व न थांबणाऱ्या ओकाऱ्या सुरू होतात. उपचार न झाल्यास बहुतेक पिल्लें दगावतात. वेळीं शिरेंतून सलाइन व इतर उपचार मिळाले, तर बहुतेक वांचतात. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत सामान्यतः तीन ते सात दिवस जातात, म्हणून पुष्कळदां रोग जुन्या जागेहून येतो व नव्या घरांत प्रकट होतो.

लस आहे, पण तिच्याविषयींहि घोटाळा होतो. आईच्या चिकाच्या दुधांतून पिल्लाला जें संरक्षण मिळतें, तेंच आरंभीं लशीला निष्फळ करतें. आणि तें संरक्षण नेमकें कोणत्या आठवड्यांत ओसरेल, हें प्रत्येक पिल्लागणिक वेगळें असतें. ह्या कारणास्तव सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनीं, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत, लस पुनः पुनः टोंचावी लागते. “एक सुई झाली आहे” हें विक्रेत्याचें आश्वासन म्हणजे संरक्षण नव्हे. सर्व लशी होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेंत, इतर कुत्रीं फिरतात तेथें जमिनीवर सोडूं नये. कडेवर घेऊन जग दाखविण्यास हरकत नाहीं. ज्या घरांत हा रोग येऊन गेला, तेथें साध्या साबणानें किंवा फिनाइलनें लादी पुसून भागत नाहीं. घाण धुऊन काढल्यावर, घरगुती ब्लीच एक भाग व पाणी तीस भाग असें मिश्रण दहा मिनिटें ओलें ठेवावें लागतें.

ह्याशिवाय पिल्लूं कांहींतरी गिळतें, हा प्रकार वेगळाच. गुंडी, रबराचें वेटोळें, सुईदोरा, चिंचोका, उन्हाळ्यांत आंब्याची कोय. ओकाऱ्या होतात पण शौच होत नाहीं, पोट कठीण लागतें, अशा वेळीं घरगुती उपायांत तासहि दवडूं नये.

घरगुती औषधांविषयीं स्पष्ट सांगणें भाग आहे. तान्ह्या मुलाला जुलाब झाले कीं जायफळ उगाळून चाटविण्याची आपल्याकडे रीत आहे. पिल्लालाहि तेंच चाटवितात. जायफळ कुत्र्यांना विषासारखें बाधूं शकतें. माणसाच्या जुलाब बंद करण्याच्या गोळ्या, तापावरची पॅरासिटामॉल व दुखण्यावरची आयबुप्रोफेन ह्या तर मुळींच देऊं नयेत; एवढ्याशा शरीरांत अर्धी गोळीहि घातक होते. पोट बिघडलेलें नसतांनाहि कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे व चॉकलेट ह्यांपासून त्याला दूर ठेवावें. सणाच्या दिवशीं बेदाणे घातलेला शिरा प्रेमानें भरविला जातो. तो विशेष सांगितला पाहिजे.

मग घरीं करावें काय? पिल्लूं खेळत आहे, खात आहे, ओकारी नाहीं, शौचांत रक्त नाहीं, आणि एवढ्यांत लस व जंताचें औषध झालेलें आहे, अशी स्थिति असेल तर एक दिवस घरीं काढतां येतो. दूध, बिस्किट व सर्व नवे पदार्थ बंद करावे. मऊ शिजविलेला भात दोन भाग व कातडी-हाडें काढून नुसत्या पाण्यांत उकडलेलें कोंबडीचें मांस एक भाग, मीठ, तेल, मसाला कांहींहि न घालतां कालवावें. मांस न शिजविणाऱ्या घरांत साय काढलेल्या दुधाचें ताजें पनीर चालतें. हें अन्न एक-दोन चमचे, दर तीन-चार तासांनीं द्यावें. रात्रीं निजतांना एकदां, व पहांटे उठून एकदां. ह्या पहांटेच्या चमच्याचा कंटाळा करूं नये, कारण रात्रीचे आठ-नऊ तास हेंच त्याच्यासाठीं लंघन असतें. पाणी सतत जवळ ठेवावें. जलसंजीवनीची पुडी पुडीवर सांगितलेल्या मापाच्या पाण्यांतच कालवून तिचें पाणी चमचा चमचा पुढें करण्यास हरकत नाहीं. कमी पाण्यांत दाट केलेलें उलट अपाय करतें.

एक दिवस म्हणजे एकच दिवस. रक्त अथवा डांबरासारखें काळें शौच दिसलें, दोनदां ओकारी झाली, पिल्लानें दोन वेळचें अन्न नाकारलें, मलूल झालें, किंवा अंगांत १०३ अंशांवर ताप आढळला, तर दिवस संपण्याची वाट न पाहतां त्याच तासाला निघावें. जातांना शौचाचा नमुना, शौच व ओकाऱ्यांची वेळ लिहिलेला कागद, लशीचें पुस्तक आणि सकाळचें वजन बरोबर न्यावें. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें, त्या काळीं ह्या विद्येचें लक्ष मुख्यतः घोड्यांकडे व गुरांकडे असे. आज शहरांतील पशुवैद्याच्या दारांत कुत्र्यामांजरांचीच रांग असते, आणि अशा टिपणाचा कागद पाहून त्याचें अर्धें काम होतें.

शौच बांधून होऊं लागलें, तरी भाताचें पथ्य एकदम मोडूं नये, व फार दिवस चालवूंहि नये. त्या अन्नांत वाढीला लागणारा चुना वगैरे पुरेसा नसतो. दोन-तीन दिवसांनीं चौथा हिस्सा नेहमींचें खाद्य मिसळावें, मग निम्में, मग पाऊण. तीन महिन्यांचें होईपर्यंत दिवसांतून निदान चार वेळां खाऊं घालावें. सकाळीं पहिल्या खाण्यापूर्वीं त्याला तराजूंत घालून वजन भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवावें. हें काम मुलांकडे सोंपविल्यास तें चुकत नाहीं. आंकडे रोज थोडेथोडे चढत गेले पाहिजेत. शौच बांधून होत असूनहि ते दोन-तीन दिवस एकाच जागीं थांबले किंवा खालीं आले, तर पिल्लूं खेळत असलें तरी त्याला पुन्हां दाखवून आणावें.